केंदूरचा निळा रंग

केंदूर, ४ सप्टेंबर २००३

चि. प्रांजलला आज्जीचा अ. उ. आ.

नोकरी दौंडात हाय, डोकं बी तिकडंच ठिवलंस का? चावडीवर पावसाचा नकाशा लागलाय. खाली नाव तुझं, आन् केंदूर निळं. तालुक्याचे साहेब म्हणाले, म्हातारे, तुमचं गाव भिजलंय, चारा छावणी मिळायची न्हाई. भिजलंय म्हणं. मेंढराची लोकर झटकली की धूळ उडतीय. पाच गाईंना काडी न्हाई. छावणी न्हाई झाली तर चोवीस तारखेच्या बाजारात कपिलेसकट समद्या इकाव्या लागतील. धार काढायला तू तिच्यावरच शिकलीस, एवढं ध्यानात असू दे.

रंगुबाई

दौंड, ८ सप्टेंबर

ती. आज्जीस शि. सा. न. वि. वि.

शिरूरला मोठी सर झाली, दौंडलाही झाली. केंदूरचा आकडा जूनपासून आलेलाच नाही. अशा वेळी कॉम्प्युटर शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून अंदाज भरतो. जवळच्याचं जास्त ऐकतो, लांबच्याचं कमी. मी दुसऱ्या रीतीनं काढून पाहिलं, तर फिकट निळं आलं. पाऊस तोच, रंग दोन. माझे इथले साहेब म्हणतात, केंदूरचा आकडा आण. पण पर्जन्यमापकातली बाटलीच कुणी नेली, असं भारत कोतवाल सांगतो. चोर शोध. माया आहे तेवढी राहू दे, शिव्याही चालतील.

प्रांजल

केंदूर, १७ सप्टेंबर

चि. प्रांजलला अ. उ. आ.

शेजारणीच्या घरी धूर दिसला म्हणून आपल्या तव्यावर भाकरी येत न्हाई, हे त्या यंत्राला सांग.

बाटली मीच नेली. जूनमधी मेंढीनं कोकरू झिडकारलं, त्याला दूध पाजायला. रिकामीच तर व्हती. कोकरू जगलं, गाव निळं झालं. भारताला तोंडावर सांगितलं, तर हसला. शिवी दिली असती तर बरं व्हतं.

बाटली घासून जागेवर ठिवलीय. रोज सकाळी साडेआठाला भारतासंगं बघते. आकड्यांत मला शून्याचा गोल तेवढा नीट काढता येतो, म्हणून सोबत सहा दिसांचे सहा गोल धाडलेत. ह्यातला एक बी शेजाऱ्याचा न्हाई. त्याच्या आधीचं कुणी मोजलं न्हाई, ते कोरंच ठेव. माझ्या तोंडचं बी त्यात भरू नगंस.

गाईंचं काय ते लवकर कळव.

रंगुबाई

दौंड, २० सप्टेंबर

ती. आज्जीस शि. सा. न. वि. वि.

निळा पुसला. आता नकाशात केंदूर पांढरं आहे. साहेब चिडले, हे भोक कसलं म्हणून. मी म्हणाले, तिथं कुणी मोजलंच नाही, आणि तुझे सहा गोल पुढं ठेवले. ते त्यांनी फायलीला लावले. मंगळवारी, तेवीसला, स्वतः जीप घेऊन बघायला येताहेत. छावणीचं अजून काही बोलत नाहीत. तरी बुधवारच्या बाजाराला कपिलेचं दावं सोडू नकोस.

आणि साहेब येतील तेव्हा कोकरू मागच्या अंगाला बांध.

तुझीच,
प्रांजल