खोली सत्तावीस, कमी नग एक

सोमवार, २ तारीख

आता ही वही कशाला, ते मला कोणी सांगेल का? जिने पुसायला, खोल्या झाडायला आणि चाव्या सांभाळायला बाई ठेवली, तर म्हणे रोज काय केलं ते लिहायचं, आणि दर सोमवारी वॉर्डनबाई वाचून सही करणार. मी चौथीत शाळा सोडली. लिहिण्यापेक्षा मला चार जिने जास्त द्या. पण नियम आहे म्हणे. मुलींच्या ह्या वसतिगृहात शिरलं की समोरच नियमांचा फलक, चौतीस कलमं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. खोलीत शेगडी पेटवायची नाही. पाहुणी आली तर चिठ्ठी. शिंकण्याआधी परवानगी घ्यावी, एवढंच लिहायचं राहिलंय.

तरी खोटं कशाला बोलू, आज मी खुशीत आहे. तळमजल्यावर मला खोली मिळाली, खिडकीची, नळ आतच. जावेच्या घरात अकरा वर्षं कोपऱ्यात निजले, तिचे टोमणे गिळले. पण खरं कारण वेगळंच. माझ्या पोरीला इथल्याच कॉलेजात प्रवेश मिळालाय, आणि नोकर माणसाच्या मुलीला इथं राहायला जागा देतात. चौतिसांतलं हे एक कलम मला आवडलं. पुढच्या सोमवारी येते ती. जाऊ म्हणाली, शिकून काय दिवे लावणार आहे? म्हटलं, तुझे डोळे दिपतील एवढे लावील.

बुधवार, ४ तारीख

मुली यायच्या आधी खोल्यांची मोजणी. भांडार सांभाळणाऱ्या कारकुनानं पेन्सिल दिली. प्रत्येक दारामागे सामानाची यादी चिकटवलेली असते. जे आहे त्यापुढे बरोबरची खूण, जे नाही त्यापुढे शून्य, खाली माझी सही. खोल्या चाळीस. मी एकेक अक्षर लावून वाचते, त्यामुळे जीव मेटाकुटीला आला.

खोली सत्तावीस. पलंग दोन. टेबलं दोन. खुर्च्या दोन. आरसा एक. मुलगी एक.

दोनदा वाचलं. मग हसूच आलं. लिहिताना कारकुनाला डुलकी लागली असणार. उगाच पलंगाखाली वाकूनही बघितलं. कोणी नाही. मी ठसठशीत शून्य काढलं. म्हटलं, होऊ दे बाबाची फजिती.

खाली येऊन त्याला म्हटलं, भाऊ, तुमची एक मुलगी हरवली बघा. तो हसला नाही. विचारलं, तुम्ही आत जाऊन बघितलंत? माझ्या आधीची मावशी म्हणे जिन्यात स्टुलावर बसून चाळीसही खोल्यांना बरोबर करायची. वीस वर्षं गुण्यागोविंदानं चाललं. फार पूर्वी एक मुलगी सुट्टीला घरी गेली नाही आणि खोलीतही सापडली नाही. घरचं कोणी विचारायला आलं नाही. तिला कुठल्या रकान्यात घालायचं कळेना, म्हणून तेव्हाच्या कारकुनानं सामानात घातली. मी म्हटलं, मग नाहीच ना ती. तो म्हणाला, नाही हे मलाही ठाऊक आहे, मावशी. पण कागदावर होती. आता तुम्ही घालवलीत.

शुक्रवार, ६ तारीख

चिठ्ठी आली. खोली सत्तावीस, कमी नग एक. जबाबदार म्हणून माझं नाव. कलम एकोणीस : ज्याच्या हातून वस्तू कमी झाली त्यानं तशीच वस्तू आठ दिवसांत भरून द्यावी.

तशीच वॉर्डनबाईंकडे गेले. म्हटलं, बाई, मुलगी काय दुकानातून आणू? रंग कुठला हवाय तेही सांगून ठेवा. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, तुम्हाला काही आणायला नको, व्यवस्था झाली आहे. मग फाइल चाळत विचारलं, तुमच्या मुलीला सतरा पुरी झाली ना?

झाली, म्हटलं. का, ते विचारायचं जिना उतरल्यावर सुचलं. परत वर गेले तर दाराला कुलूप.

सोमवार, ९ तारीख

पोरगी आली. ट्रंक पहारेकऱ्यानं स्वतः वर नेऊन ठेवली. ताई, पुस्तकं भरलीत की दगड, म्हणाला. ती खळखळून हसली.

खोली सत्तावीस.

मी बदलून मागितली. पहिल्या सहामाहीत खोली बदलून मिळत नाही, कलम अकरा. पोरीला म्हटलं, खाली माझ्यापाशी राहा. तर म्हणे, आई, तू म्हणजे ना! जन्मात पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळतंय मला. तेव्हाच ट्रंक उचलून निघायला पाहिजे होतं. पण निघून जायचं कुठं, जावेच्या दारात? माझी जीभ रेटली नाही.

दुपारी तिच्या दारामागची यादी बघितली. माझं शून्य कोणीतरी खोडलंय. त्या जागी बरोबरच्या खुणेची पहिली आखूड रेघ. तेवढीच.

मंगळवार, १० तारीख

चहाला आली नाही. जेवायला नाही. वर गेले तर खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर, तोंड भिंतीकडे. पहिल्याच दिवशी तास बुडवलास म्हणून ओरडले. शांतपणे म्हणाली, खोलीतलं सामान बाहेर न्यायला मनाई आहे, आई.

थट्टा वाटली. पण थट्टा करताना ती डोळे मिचकावते. डोळे हललेच नाहीत.

बुधवार, ११ तारीख

हजेरीत तिचं नाव नाही. पहारेकरी म्हणतो, कुठली ताई? अरे मेल्या, ट्रंक तूच तर — शेजारच्या मुली म्हणतात, मावशी, सत्तावीस रिकामी आहे. उघड्या दारात उभ्या राहून सांगतात. ती समोर बसलेली.

हाताला धरून ओढलं. कपाट ओढावं तशी. फरशीवर ओरखडा उठला. तिच्या टाचांनी —

केस बाजूला केले. मानेवर पांढऱ्या रंगात आकडा. खुर्च्यांच्या पाठीला घालतात तसा. ओला होता. पदरानं पुसला, रॉकेलनं पुसला. निघत नाही.

यादीवरची खूण पुरी झाली.

गुरुवार, १२ तारीख

कारकून म्हणतो, प्रकरण मिटलं, नग भरून आला. त्याची गचांडी धरली तेव्हा बोलला. वस्तू खोलीबाहेर जाते ती एकाच कारणानं. मोडली तर. मोडकी वस्तू यादीतून कमी करतात आणि फाटकाबाहेर काढतात. वॉर्डनबाईंची सही लागते. फेरमोजणी शनिवारी. मग वर्षभर नाही.

वॉर्डनबाई, ही वही मी आजच तुमच्या दाराखालून सरकवतेय. सोमवारची वाट बघू नका. शून्य मी काढलं. माझ्या मानेवर घाला आकडा, म्हटलं कारकुनाला. चालत नाही म्हणे, मी जुनी. तशीच वस्तू पाहिजे.

मग एवढंच लिहून द्या. किती मोडलं म्हणजे तुम्ही मोडलं धरता? खुर्चीचा एक पाय गेला की खुर्ची मोडली. पण माझ्या पोरीचं —

ती म्हणते, आई, कर तू. मला आता दुखत नाही.

तिची करंगळी माझ्या हातात आहे. एवढी पुरेल का? की मनगट — तोंडी नको. लेखी, सहीनिशी. शनिवारी सकाळी मोजणी लागायच्या आत उत्तर पाहिजे मला. नाही आलं तर माझ्या मनानंच मी —