सुस्थितीतला बॉक्स परत नेण्याबाबत

प्रति,
श्री. मुरलीकृष्ण,
केबल तक्रार अधिकारी,
तंजावर.

विषय : सुस्थितीतला सेट टॉप बॉक्स परत नेण्याबाबत.
संदर्भ : बॉक्स बिघडल्याचे अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज. ते रद्द समजावेत.

महोदय,

१. अर्जदार तुळजाराम, निवृत्त शिक्षक, राहणार मेल वीथी, सविनय निवेदन करतो की, आपणांस देवनागरी वाचता येते असे कळल्याने हा अर्ज मराठीत केला आहे. घरची गोष्ट आपल्या टेबलापलीकडे जाऊ नये.

२. अर्जदाराचा लाकडी दारांचा टीव्ही हा वीथीतला पहिला. शेजारचे बाळकृष्णराव सहकुटुंब अर्जदाराच्या ओसरीवर मांडी घालून तो पाहत असत. आता त्यांना हे आठवत नाही. केबलची तार सरळ टीव्हीत जाई तोवर सगळे ठीक होते. पुढे डिजिटल आले आणि बॉक्स सक्तीचा झाला. बॉक्सच्या तारा तीन रंगांच्या, टीव्हीला मागे भोक एकच. मेकॅनिक विघ्नेशने मध्ये एक डबी बसवून चित्र आणले, पण दोन्ही कडांना कापलेले. मैफलीत गायिका दिसते, मृदंगवाला निम्मा बाहेर. बाळकृष्णरावांच्या भिंतीवरच्या नव्या टीव्हीत अख्खा मृदंगवाला मावतो, वर तंबोरेवालीही. हे अर्जदारास बघवत नाही, असे तो स्पष्ट नमूद करतो.

३. तरीही अर्जदाराची पत्नी सौ. चंद्रमती संध्याकाळी त्याच्याजवळच बसत असे. आयुधपूजेपासून बॉक्स रिमोटला दाद देईना. तेव्हापासून देवापाशी दिवा लावला की ती बाळकृष्णरावांकडे. मधल्या भिंतीतून तिचे हसणे ऐकू येते. तिथल्या काफीचे ती घरी येऊन कौतुक करते. वास्तविक ती काफी पाणचट आहे. अर्जदाराने काळ्या पडद्यापुढे बसून आपणांस अर्जांवर अर्ज केले. त्यांपैकी एकात बाळकृष्णरावांचीही केबल तोडावी अशी मागणी होती. अर्जदार जळत होता, दुसरे कारण नव्हते.

४. काल विघ्नेश आला. पूजेत अवजारांना लावतात तसे बॉक्सलाही चंदन-कुंकू लावलेले होते, आणि ते नेमके रिमोटचा इशारा टिपणाऱ्या डोळ्यावर. त्याने अंगठ्याने पुसताच चित्र आले. अर्जदारास मनस्वी आनंद झाला. परंतु आज सकाळी देवपूजा आटोपून सौ.ने त्याच जागी पुन्हा ठसठशीत कुंकू लावले. ते रोज ताजे असे, हे अर्जदाराच्या ध्यानातच आले नव्हते. जाब विचारला असता ती म्हणाली, "असू द्या की. तिथं चार माणसं असतात, बोलतात. तुम्हाला या म्हटलं तर आमच्या घरी टीव्ही आहे म्हणता." यावर अर्जदाराने बॉक्सच्या तारा सोडवल्या व तडक आपले कार्यालय गाठले.

५. घरात चालता टीव्ही असताना दुसऱ्याच्या दारी बघायला जाणे अर्जदारास या जन्मी जमणार नाही. तरी सदर बॉक्स कार्यालयाने सक्तीने जमा करून घेतला, असा शिक्क्याचा कागद कृपया आजच मिळावा. तो बाळकृष्णरावांना दाखवून अर्जदारास संध्याकाळी पत्नीसोबत तिथे जाता येईल. काफी पाणचट असली तरी हरकत नाही.

कागदाची वाट पाहत बाकावर बसलेला,
आपला नम्र,
तुळजाराम
दि. २७ ऑक्टोबर २०२३

सोबत : बॉक्स, तारा, डबी व रिमोट. कुंकू पुसलेले नाही.