टाइमटेबलवरचं नाव

रवि., ११ जाने. बारामती.
निरवांगीच्या सरपंचांचा फोन. गावचे डॉ. र. यांना परदेशातला मोठा सन्मान मिळाला. खारवट पाणी गोडं करण्यावरचं संशोधन. गुरुवारी सत्कार, मुख्य भाषण माझं.
मुद्दे काढले. सरकारी विद्यापीठ म्हणजे सामान्य माणसाच्या घामातून उभं राहिलेलं ज्ञानाचं घर, वगैरे. हुकमी एक्का आपल्या घरातलाच: भाची सायली. डॉ. र. यांच्याच विभागात, रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. औक्षण तिच्या हातून. एका मातीतले गुरू आणि शिष्या. टाळ्या ठरलेल्या.
बहिणीला, सुनंदाला फोन केला. म्हणाली, "दादा, पोरगी सुट्टीला आल्यापासून गप गपच हाय." म्हटलं, अभ्यासाचा ताण असेल.

गुरु., १५ जाने. निरवांगी.
मंडप भरलेला. फेटा, शाल, नारळ. त्यांच्या विद्यापीठाचं रँकिंग सांगितलं, टाळ्या पडल्या. मग सायलीला वर बोलावलं. म्हणालो, "या लेकीला यांनी हाताला धरून शिकवलं." तिनं ओवाळलं. दोन शब्द बोलावेत म्हणून मी माईक डॉक्टरांच्या तोंडाशी धरला. त्यांनी मायेनं विचारलं,
"बाळ, कितवीला आहेस?"
सगळ्या मंडपानं ऐकलं.
"सेकंड इयर, सर. तुमच्याच डिपार्टमेंटला."
पुढच्या खुर्चीतले तात्या शेजाऱ्याला म्हणाले, "आरं, मास्तरलाच पोरगी ठावं न्हाय व्हय?" मागं कुणीतरी हसलं. माईक माझ्याच हातात, पण बंद करायचं सुचलं नाही. पुढं बोललो. काय, ते आठवत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे जास्त लागलं.

तोच दिवस, सुनंदाच्या घरी.
सायली ताटावर बोलली, शांतपणे. टाइमटेबलवर सरांचं नाव असतं, वर्गात पीएच.डी.वाले दादा येतात. तेही बदलत राहतात. शंका विचारली की म्हणतात, "गूगल कर, माझं सबमिशन आहे." मोठं यंत्र काचेतून बघायचं. पाहुणे आले की मुलांना पांढरे कोट घालून त्याच्या शेजारी उभं करतात. फोटोपुरतं.
"मग मला सांगितलं का नाहीस?"
"मामा, तुम्ही बोलायला द्याल तेव्हा ना."
दाजी खाली मान घालून जेवत होते. पोरीला विद्यापीठ सोडायचंय. बारामतीच्या कॉलेजात यायचंय. तिथं तिच्या मैत्रिणीला सर नावानं हाक मारतात. एवढंच कारण. एवढंच?
दाजी म्हणाले, "पाव्हणं, गाव न्हाय म्हणत हुतं, तुमच्या शब्दावर धाडली. आता तुमीच सांगा. ठिवू का आणू?"
म्हटलं, उद्या डॉक्टरांना गाठून मग सांगतो.

शुक्र., १६ जाने.
डॉक्टर निघायच्या आत त्यांच्या भावाच्या घरी गाठलं. भांडायच्या तयारीनं गेलो होतो. म्हणालो, लोकांच्या पैशानं चालणाऱ्या विद्यापीठात लोकांचीच पोरं बिनमास्तरची? कप खाली ठेवून म्हणाले,
"खरं आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर मी शेवटचा कधी गेलो, आठवत नाही. पूर्वी आवडायचं. पण चांगलं शिकवलं म्हणून बढती मिळालेला माणूस मी पाहिलेला नाही. पेपर, पेटंट, प्रोजेक्ट. त्यावरच रँकिंग. आणि साहेब, काल स्टेजवरून ते रँकिंग मोठ्यानं कुणी सांगितलं?"
थोबाडीत बसल्यासारखं झालं. संशोधन खोटं नाही. याच तालुक्यातल्या खारवट विहिरींना त्याचा उपयोग होईल. तो माणूसही खोटा नाही. मग पोरीचं जे गेलं ते कुणी…
नंतर म्हणाले, "सोमवारचा तास मी घेतो. तिला सांगा."
सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "एक?"

रवि., १८ जाने.
सायली विद्यापीठाकडं परत निघाली, इंदापूरहून एसटीत बसली. बॅगेत निम्मेच कपडे. सुनंदानं ओळखलं, उरलेले कपडे घडी करून कपाटात ठेवले.
कऱ्हाटीच्या शाळेतून निरोप: २६ला बारावीच्या मुलांपुढं बोला. विषय, पुढं कुठं शिकावं. दरवर्षी 'सरकारी विद्यापीठात जा' हेच भाषण पाठ म्हणतो. हो म्हटलं. आधी म्हटलं, मग कळलं.

सोम., १९ जाने.
दुपारी तिचा फोन.
"सर आले होते. स्वतः हजेरी घेतली. माझ्या नावाशी थांबले, मान वर करून बघितलं."
"शिकवलं कसं?"
"फार चांगलं, मामा. दीड वर्ष जे डोक्यात शिरत नव्हतं ते फळ्यावर तीन ओळींत उलगडलं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा लिहीत होती. त्याचाच राग आला."
"पुढचा तास?"
"सर परिषदेला चाललेत. दादाच येतील."
"मग तू काय करणार?"
"तुम्ही कऱ्हाटीला काय सांगणार, ते आधी सांगा."
कोरा कागद ओढला, वर 'कऱ्हाटी, २६' लिहिलं. तिनं फोन ठेवला नाही.