सात हात आणि शुक्रवारचा बांगडा

शुक्रवार, ३ ऑक्टो., दु. १.४०. कव्हरॉल वाळत घालून लगेच लिहितोय.
आमच्या सौदीतल्या रास अल खैरच्या कॅम्पात मेस कमिटीची निवडणूक झाली. नेहमीसारखीच. कॅम्पबॉस समोर उभे, हात वर करायचे, मग जेवण. त्यांचंच पॅनेल जिंकलं. विरोधात आमच्या खोलीतले अब्बासचाचा, दापोलीकडचे वेल्डर, पाचव्यांदा हरले. मागणी एकच, शुक्रवारी मासे. मी हात वर केला, पण कोपरापर्यंतच. बॉसनी पाहिलं का? माझा इकामा, इथला राहण्याचा परवाना, डिसेंबरात संपतोय, रिन्यूला नावं तेच पाठवतात...
चाचा खुशीत. "सात हात! गेल्या साली चार होते."

मंगळ., ७ ऑक्टो.
चाचांची युक्ती: भांडायचं नाही. शुक्रवारी फक्त म्हणायचं, पोट बरं नाही, जेवत नाही. "पोटावर कोण केस घालणार?"
नाशिकचा संदीप, आमचा इलेक्ट्रिशियन: "चाचा, तुमचं पोट बघून कोणाला पटणार?"

शुक्र., १० ऑक्टो.
मी वाक्य पाठ करून गेलो. बघतो तर रांगच नाही! पॅनेलवाल्यांचीही पोटं बिघडलेली. पण पुढचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. एवढी पोटं बिघडली म्हणून कंपनीचा डॉक्टर धावत आला. पाणी, भांडी, फ्रीज, सगळं तपासलं. माझं पोट दाबून म्हणाला, "दर्द?" म्हटलं, "थोडा." उपाशी होतो, त्यामुळे अगदीच खोटं नाही. मेसचा रिपोर्ट कंपनीत जाणार म्हणून बॉसचा चेहरा पांढरा.

सोम., १३ ऑक्टो.
मेसमध्ये बॉसचं भाषण. "मेरे दिमाग में एक आयडिया आया है. फ्रायडे को मछली!" टाळ्या. सगळ्यात जोरात चाचांच्या.
मी चिडलो. "तुमची आयडिया पळवली त्यांनी."
"पळवू दे रे. नाव त्याचं, मासा आपला."

शुक्र., १७ ऑक्टो.
जुबैलहून बांगडे आले. कालवण चाचांनी केलं, गावची कोकमाची सोलं घालून. सगळी मेस बोटं चाटत होती, संदीप तर टोप खरवडत होता. बॉसही जेवले. मग म्हणाले, "अब्बासभाई, पॅनल में आ जाओ."
चाचा माझ्याकडे वळले, मराठीत. "मी आत जातो. पण बाहेर कोणी उरला नाही, तर दोन शुक्रवारांत मासे बंद. पुढच्या साली तू उभा राहा."
"आणि इकामा?"
"सात हात आहेत तुझ्यामागे."
"पाच. एक तुमचा, एक माझाच."
बॉस चाचांच्या उत्तरासाठी थांबलेले, चाचा माझ्या. मी आणखी एक बांगडा वाढून घेतला. काटे काढताना बोलता येत नाही.