हेल्मेटवरचा चरा

नारायण पेठ, खंडेनवमी, संध्याकाळ

पुढच्या रविवारी चेन्नईला जीटी या वेगवान गाड्यांच्या राष्ट्रीय शर्यतींच्या हंगामाची शेवटची फेरी. ती जिंकली तर विजेतेपद आमच्या मेघनाचं. म्हणून आज पूजेत तिच्या लॅपटॉपशेजारी हेल्मेटही मांडलं. त्यावर कोइमतूरच्या फेरीतला लांब चरा आहे.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आज शस्त्रं पूजतात. पोरीचे थेर नव्हे."

"मग भाऊजी, आपला अडकित्ता आणा."

थेर म्हणे! पण मी तरी? हंगामभर एकही शर्यत पाहायला गेले नाही. भीती? असेल.

मेघना ऑफिसातून आली. "आई, कुंकू नेमकं चऱ्यावरच लावलंस?"

"झाकला जावा म्हणून."

"चेन्नईला येतेस?"

मी हो म्हणाले. चरा कुंकवाखालूनही दिसतोच आहे.