पान आलं की नेट बंद

३ नोव्हेंबर, सोमवार
परत तेच. डेअरीसाठी केलेल्या वेबपानावर ‘डॉक्टर बोलवा’ (जनावरांचा) दाबलं की काही जणांना काहीच होत नाही. नव्या फोनवर चालतं, जुन्यावर (यापुढे जु.फो.) मुकं. खिडकीत लोकांकडून मागून आणलेले फोन ओळीने मांडलेत. शेजारच्या मंदावहिनी म्हणाल्या, “दुकान टाकलंस का काय?”
पुण्याहून सरांचा फोन. महिनाअखेरपर्यंत तक्रारी थांबल्या नाहीत तर ऑफिसात येऊन बसायचं, गावी लिंबागणेशला बसून हे जमत नाही असं दिसतंय. अप्पांना सांगितलं नाही. आई गेल्यावर मी आले म्हणून ते निदान दोन वेळा जेवतात.

५ नोव्हेंबर
मांडणी माझीच, कुणाला बोलू? पान झटकन उघडावं म्हणून सगळा कोड एकदम पाठवायचा नाही. ज्या बटणाला जे लागतं ते बटण दाबल्यावर आणायचं. आजारी जनावराचा फोटो जोडायचा भाग माहितीच्या फॉर्मवर उभा. आधी फॉर्म आला पाहिजे, मग फोटो. आणि आला हे सांगायचं ब्राउझरने. नवा सांगतो. जु.फो.चा सांगतच नाही. डेअरीतल्या संगणकावरचा तर जे आधी पोचेल ते आधी चालवतो, खाली पाया असो नसो. तिघं पाहुणे, तिघांचं पथ्य वेगळं आणि वाढणारी मी एकटी.

८ नोव्हेंबर
जु.फो.साठी सोय केली: तो सांगत नाही तर आपणच थोड्या थोड्या वेळाने डोकावायचं, आलं का ते. चाललं! लगेच डेअरीचा संगणक रुसला.
अप्पा मेंढरं कोंडून आले. “झालं का गं?” “न्हाई.” “उद्या व्हईल.” रोज हेच. आज खेकसले त्यांच्यावर. ते गुमान हातपाय धुवायला गेले. फार वाईट वाटलं.

११ नोव्हेंबर
सगळीकडे चालतंय. पुन्हा पुन्हा बघितलं. सरांना कळवलं आणि भरदुपारी झोपले.

१३ नोव्हेंबर
तक्रारी आल्याच. कडा गावच्या एक बाई: “बटन दाबलं तरी गपच हाय बघा.” त्यांचा फोन कोणता विचारला, तर हुबेहूब माझ्या खिडकीतला जु.फो. माझ्याकडे चालतो, त्यांच्याकडे नाही. रडले. दुसरं काय करणार.

१५ नोव्हेंबर
मंदावहिनींची शेळी फुगली. फोन घेऊन पळत आल्या, “शारे, तुझं ते पान उघड की!” म्हटलं, तुम्हीच उघडा, मी बघते. पान आलं. आलं की लगेच त्यांनी बोटाने वरची पट्टी खाली ओढली आणि नेट बंद केलं. मग बटण दाबलं. गप.
“वहिनी, नेट कावून बंद केलं?”
“पान आलं न्हवं! आता कशाला चालू ठेवायचं? दुपारपस्तोर सगळं नेट सपतंय.”
टाकी भरली की मोटार बंद करावी तसं इथे घरोघरी करतात. अप्पाही करतात, रोज, माझ्यासमोर. मी बटण दाबल्यावर मागून माल आणायला निघते आणि यांनी दार आधीच लावलेलं.
वहिनींनी शेवटी डॉक्टरांना सरळ फोन लावला. शेळी वाचली.

१७ नोव्हेंबर
ठरवलं. सगळं एकदमच पाठवायचं, एकाच फाईलीत, क्रम मीच लावून. मग कुठल्याच ब्राउझरला काही विचारायचं नाही. पान उघडायला उशीर लागेल, पण नेट बंद असलं तरी बटण बोलेल: ‘माहिती भरा, पाठवताना नेट चालू करा.’
सरांना फोन.
“म्हणजे तू वर्षभर केलेलं सगळं काढून टाकायचं?”
“हो.”
“आणि डेअरीवाल्यांना सांगू काय? पान मुद्दाम जड केलं?”
“सांगा, लोक पान आलं की नेट बंद करतात.”
“असं कोण करतं?”
“आमी.” तोंडातून तसंच निघालं.
सर म्हणाले, “डेअरीशी बोलतो. शुक्रवारी मेलवर कळवतो. तू इकडे यायचं की नाही, तेही.”

१९ नोव्हेंबर
अप्पांना सांगितलं. म्हणाले, “जा की. मी हाय न्हवं खंबीर.” आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेले. आत्ताच पाजून आले होते.
मला जायचं नाही. इथे तरी सरळ लिहिते, मला जायचं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चाचणीचं पान वहिनींच्या फोनवर उघडलं. “लई येळ लावतंय गं हे.” आलं. नेट बंद. बटण. फॉर्म उघडला! वहिनींना काहीच विशेष वाटलं नाही. बटण दाबलं की उघडायचंच, त्यात काय.
सरांचा निरोप नाही. सकाळपासून फोन शांत, लॅपटॉपही त्याच्याच नेटवर, तोही शांत. मनात नाही नाही ते. जेवणं झाल्यावर फोन उचलला, तर नेट बंद.
“अप्पा, फोनला हात लावला होता?”
“नुसता पडला होता. बंद केलं नेट. उगंच जळत होतं.”
म्हणजे निरोप आला असेल. बाहेर थांबला असेल.
अप्पा चुलीपुढे बसलेत, चहा ठेवलाय. साखर जास्त घालणार, नेहमीसारखी. चहा होऊ दे. तोवर फोन आहे तसा राहू दे.