बाबांच्या मशीनमधली जुनी डिस्क

४ मार्च
आलो बाई एकदाचे! नवं गाव, नवी नोकरी, नवं घर. घर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या; जिना उतरला की मी कामावर हजर. बाहेरच्या खोलीत दार डावीकडच्या भिंतीला, खिडकी समोर आणि खिडकीखाली बाबांचं टेबल. सामान लावताना बाबांनी एकाही खोक्याला हात लावला नाही, सूचना मात्र ढीगभर केल्या. आम्ही दोघंच आहोत आता. पस्तिशी उलटली तरी त्यांच्यासाठी मी ठमीच. दुकानाचे मालक बरे वाटतात. बोलतात कमी, पण चहा स्वतः करून देतात.

६ मार्च
प्रवासात आदळआपट होऊन बाबांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. पत्त्यांचा डाव बंद, म्हणून सकाळपासून तोंड एवढंसं करून बसले होते. दुकानाच्या भंगारात एक चांगली डिस्क मिळाली. एक म्हातारे गृहस्थ वारले, त्यांच्या मशीनमधली. मालक म्हणाले, आधी सगळं पुसून काढ आणि सिस्टिम नव्याने टाक. मला मेला कंटाळा. आहे तशीच बसवली. अशी डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये गेली की आधी आपल्या जुन्या मशीनचे भाग शोधते, नाही सापडले तर असेल त्यावर भागवते. ही लगेच रुळली. त्या गृहस्थांचा अर्धा राहिलेला डाव उघडाच होता. बाबा खुशीत तोच पुढे खेळायला लागले.

९ मार्च
बाबा डाव्या हाताने माउस धरायला लागलेत. विचारलं, तर म्हणे पहिल्यापासून असाच धरतो. दुपारी फिरायला निघाले आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर जाऊन धडकले. दार इथेच होतं म्हणाले. घर नवीन आहे, होतं असं.

१२ मार्च
आज मला छबू म्हणाले. कोण छबू, असं विचारलं तर संतापले. बापाची थट्टा करतेस का म्हणाले. मला रडूच आलं. वयामुळे विसरतात म्हणावं, तर मालकांकडून वेगळंच कळलं. ते गृहस्थ डावखुरे होते. त्यांच्या घराचं दार खिडकीशेजारी होतं. त्यांना एक मुलगी होती, छबू. त्यांच्याआधीच गेली. एवढं सांगून मालक डिस्क उद्याच काढ म्हणाले.

१३ मार्च
डिस्क काढली. बाबा जेवत होते, तसेच थांबले. घास तोंडात, डोळे उघडे. श्वास चालू, पण कितीही हलवलं तरी— डिस्क परत बसवली. मशीन चालू झालं आणि बाबा घास चावायला लागले.

१४ मार्च
बाबांची स्वतःची डिस्क मालकांनी दुरुस्तीला घेतलीय. ती चालली तर माझे बाबा परत येतील. दुसरं काही सुचत नाही. फार भीती वाटते.

१५ मार्च
नाही चालली. नुसती कटकट वाजते.

१६ मार्च
छबूला शोधतात सारखे. कपाटात. पलंगाखाली. स्क्रीनवरही तेच— एक भाग सापडला नाही, शोध चालू आहे. संध्याकाळी माझी हनुवटी धरून बराच वेळ बघत राहिले. तू नाहीस ती, म्हणाले. मग म्हणाले, असेल त्यावर भागवावं लागेल.

१७ मार्च
शोध थांबलाय. स्क्रीनवर— जुळणारा भाग सापडला. जोडणी चालू आहे.

पेन डाव्या हातात आहे माझ्या. कधी घेतलं—

बाबांनी छबू म्हणून हाक मारली. मी ओ दिली. नाही. मी ठमी. ठमी. ठमी.

मालकांकडे पळते. आत्ताच. दार—

खिडकीशेजारीच होतं की. लहानपणापासून इथेच आहे. मग ही भिंत कुणी